खाऱ्या विहिरीचा तांडेल

उकंडाजी ढोक बोलता बोलता एकदम दोन्ही हात आडवे पसरत. नवख्याला वाटे, म्हातारा आता मिठी मारणार, आणि तो घाईघाईने एक पाऊल मागे सरे. पण उकंडाजींना मिठी मारायची नसे, मोजायचं असे. एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत जेवढा दोर मावतो, त्याला दर्यावर जाणारे लोक एक वाव म्हणतात. भातकुलीपासून नांदगाव खंडेश्वरापर्यंतच्या सगळ्या काळ्या रानात वावाने मोजणारा माणूस हा एकच. मारुतीच्या देवळाचा कळस चार वाव, पाटलांची चिंच सात वाव, तुरीच्या कुटाराचा ढीग दोन वाव. अमरावती किती लांब, असं कोणी विचारलं की मात्र ते हात पसरून थोडा वेळ तसेच उभे राहत, मग हात खाली सोडून म्हणत, "गंज हाये," म्हणजे पुष्कळ.

माणसांनाही हेच माप. देवराव पाटलांनी आपल्या मुलीसाठी अकोल्याचा एक ओव्हरशियर मुलगा पाहिला. वसंतराव त्याचं नाव. घराणं बरं, नोकरी सरकारी, डोक्याला हॅट. पाहुणे गेल्यावर पाटलांनी गावातल्या चार जाणत्यांना मत विचारलं. तिघांनी तोंडभरून स्तुती केली. उकंडाजी म्हणाले, "पोरगा चांगला हाये. पन दोन वावावर तळ लागते." लग्न झालं, वाजतगाजत झालं, पण हे वाक्य मुलीच्या सामानाबरोबर अकोल्याला पोचलं आणि जावयाच्या मनात रुतून बसलं. त्याचं पुढे काय झालं ते सांगायचंच आहे.

मी या गावात मास्तर म्हणून आलो तेव्हा वऱ्हाड मध्य प्रांताला जोडलेलं होतं. मोठे साहेब नागपुरात बसत, आणि आमच्या शाळेकडे वर्षातून एकदा इन्स्पेक्टरची बैलगाडी फिरके. मला राहायला ढोकांच्या घरची ओसरीलगतची खोली मिळाली. घरात माणसं दोनच, उकंडाजी आणि त्यांची बायको पार्बताबाई. एक मुलगी होती, ती वरूडकडे दिलेली. भाडं विचारलं तर उकंडाजी म्हणाले, भाडं नको, पण कधीमधी कागद वाचून दाखवा. कसला कागद ते मला श्रावणात कळलं.

गावात त्यांना सगळे 'तांडेल' म्हणत. तांडेल म्हणजे होडीचा मुख्य. ज्या गावात पावसाळ्यात नाल्याला गुडघाभर पाणी आलं की लोक बघायला जातात, त्या गावात हे नाव काही कौतुकाने पडलेलं नव्हतं. हकीगत अशी की, ऐन तिशीत असताना उकंडाजी कापसाच्या गाठींबरोबर बडनेऱ्याहून मुंबईला गेले. गाठी उतरवून दुसऱ्या दिवशी परत यायचं होतं. गाठी उतरवल्या आणि समोर समुद्र दिसला. दोन दिवस ते धक्क्यावर बसून राहिले. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीकडच्या एका तांडेलाने त्यांना भात दिला आणि चौथ्या दिवशी ते त्याच्या होडीत होते. परत आले ते दोन वर्षांनी, हुरड्याच्या दिवसांत. मधल्या काळात ना चिठ्ठी ना निरोप. भाऊबंदांनी पार्बताबाईंना बांगड्या उतरवायला सांगून पाहिलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही आणि बांगड्याही उतरवल्या नाहीत.

"काहून गेले होते?" असं त्यांना कोणी विचारलं की उकंडाजी म्हणत, "मी गेलो नाही. नेलं मले." कोणी नेलं ते सांगत नसत.

दोन वर्षं त्यांनी केलं काय, तर कुपा पकडला. कुपा हा खोल समुद्रातला मासा. हल्ली शिकलेले लोक त्याला ट्यूना म्हणतात. किनारा दिसेनासा झाला, पाणी हिरव्याचं काळसर निळं झालं, की होडी थांबवायची. वीतभर लांबीची पितळेची नळी, आत शिसं ओतलेलं, खालच्या टोकाला दोन गळ, हिला उकंडाजी 'कांडी' म्हणत. ही कांडी दोराने पंचवीस-तीस वाव खाली सोडायची. मग हाताला झटका देऊन ती वर उचलायची आणि पुन्हा पडू द्यायची. उचलायची, सोडायची. दिवसभर हेच. खालच्या अंधारात कांडी घायाळ माशासारखी लुकलुकते, कुपा तिला गिळायला येतो, आणि बहुधा ती पडत असतानाच झडप घालतो. बोटांना दोराची भाषा यावी लागते, असं उकंडाजी सांगत. तीस वावांवर कांडी टेकली तर ती वाळूवर टेकली, की गाळात, की खडकावर, हे डोळे मिटून सांगता आलं पाहिजे. ज्याला येत नाही त्याला तांडेल भात रांधायला बसवतो.

आता गंमत अशी की हा गृहस्थ माळकरी. गळ्यात तुळशीची माळ, घरात कांदासुद्धा चातुर्मासात बंद. होडीत चढल्यावर त्यांनी माळ काढून डोलकाठीच्या खिळ्याला अडकवली आणि गळ हातात घेतला. किनाऱ्याला लागले की माळ पुन्हा गळ्यात. दोन वर्षांत मासा चाखला नाही. भात आणि चिंचेचं पाणी यावर राहिले. गावी आल्यावर पंचांनी प्रायश्चित्त द्यायचं ठरवलं, पण कशाबद्दल द्यायचं यावर सकाळपासून दुपारपर्यंत खल चालला. मासा मारण्याचं प्रायश्चित्त वेगळं, खाण्याचं वेगळं. उकंडाजींचं म्हणणं, त्यांनी मारलाही नाही आणि खाल्लाही नाही, नुसता ओढला. ओढण्याचं प्रायश्चित्त कोणत्याच पोथीत सापडेना. शेवटी गोमूत्र पाजून आणि पाच जणांना जेवू घालून पंचांनी विषय मिटवला.

पहिला कुपा कसा ओढला ही कथा मी निदान पन्नास वेळा ऐकली असेल. मासा दोर घेऊन पळाला की होडीवरचे लोक दातओठ खाऊन ओढत आणि दोर तुटे. उकंडाजींनी जन्मभर बैलच हाकलेले. त्यांनी त्या माशाला उधळलेल्या गोऱ्ह्यासारखं वागवलं. कासरा सोडावा तसा दोर सैल सोडला आणि त्याच्याशी बोलायला लागले, "हो रे राजा, हो, कुठी जातं, घर इकडे हाये." होडीवरचे खलाशी पोट धरून हसले. पण अर्ध्या तासाने मासा कडेला आला. वासराएवढा होता, असं उकंडाजी म्हणत. गावाने वासरू मान्य केलं नाही, बोकडावर तडजोड केली.

तेव्हापासून 'सैल सोडा' हा त्यांचा गावाला कायमचा सल्ला. बाप-लेकाचं वाजलं, सैल सोडा. सून माहेरी जाऊन बसली, सैल सोडा. खोकला जात नाही म्हणून मी तक्रार केली तर मलाही सैलच सोडायला सांगितलं. काय सोडायचं ते मी विचारलं नाही.

एकदा मी वर्गात समुद्र शिकवत होतो. माझा समुद्र म्हणजे नकाशावरचा निळा पट्टा, खरा मी पुढे पन्नाशीत पाहिला. मासे थंड रक्ताचे असतात, असं मी सांगितलं. खिडकीतून आवाज आला, "कुपा गरम रायते, गुरुजी." उकंडाजी बाहेर उभे होते. मी म्हटलं, पुस्तकात थंड लिहिलंय. ते म्हणाले, "पुस्तक लिवनाऱ्यानं हात लावून पाह्यला काय? मी पाह्यला. आजारी लेकराच्या कपाळावानी गरम." पोरं खूष झाली. गावाने ही त्यांची सर्वांत मोठी थाप ठरवली. मीही हसण्यात सामील होतो. पुष्कळ वर्षांनी एका जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं की कुप्याचं रक्त खरोखरच गरम असतं. तेव्हा मला माझीच लाज वाटली, पण माफी मागायला ते राहिले नव्हते.

हे सगळं ठीक होतं. दोन वर्षं परदेशी राहिलेला माणूस जन्मभर त्याच गोष्टी सांगतो, यात नवल नाही. नवल पुढेच आहे. उकंडाजी रोज संध्याकाळी आपल्या शेतातल्या विहिरीत कुप्यासाठी कांडी सोडून बसत.

आमचा तो सगळा भाग खारपाणपट्टा. विहीर खणावी तितकं खारं पाणी लागतं. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही, आणि जनावरंसुद्धा तोंड लावून आपल्याकडे रागाने बघतात. प्यायचं पाणी बायका लांबच्या तळ्यावरून आणत. उकंडाजींच्या वडिलांनी गोडं पाणी लागेल म्हणून विहीर खोल खोल नेली आणि पाणी खारट खारट होत गेलं. ही विहीर खालून समुद्राला मिळालेली आहे, असं उकंडाजींचं ठाम मत. नाहीतर पाणी खारं कशाने? अन् दर्या मिळाला, तर आज ना उद्या कुपा येणारच. दर्यात काय कुंपण आहे?

सूर्य कलला की ते निघत. काठावर गोणपाट टाकून बसत, चिंच आणि राखेने घासून लखलखीत केलेली कांडी खाली सोडत, आणि उचल-सोड, उचल-सोड सुरू. वर पिंपळ, चहूकडे कपाशी, आणि मधे हा तांडेल. कांडीला आजवर काय लागलं, तर दोन घागरी, मोटेचं एक लोखंडी कडं, आणि देवराव पाटलांचा वाऱ्याने उडालेला फेटा. एक फायदा गावाला झाला. कुणाची घागर कुठल्याही विहिरीत पडली की लोक त्यांनाच बोलावत, आणि तीन झटक्यांत घागर वर येई. उकंडाजी ती काढून देत, पण अपमान झाल्यासारखे. कुपा ओढणाऱ्याला घागरी ओढायला लावता, असं त्यांच्या चेहऱ्यावर असे.

पार्बताबाई या सगळ्याबद्दल अवाक्षर काढत नसत. उलट कांडी घासायला चिंच त्याच काढून देत. मला वाटे, बाई फार सोशिक आहे. मास्तरांना असल्या गोष्टींत पहिल्यांदा जे वाटतं ते नेहमी चुकीचं असतं, हे मी नोकरीत उशिरा शिकलो.

श्रावणात तो कागद आला. नारळी पौर्णिमा झाली की रत्नागिरीच्या बाजूने एक कार्ड यायचं. तांडेलाने कुणाकडून तरी लिहवून घेतलेलं. मजकूर दरवर्षी तोच, मी नंतर तो न बघताही म्हणू शकलो असतो. होडी पाण्यात घातली, उकंडा, तुझी जागा ठेवली आहे, येतोस का. उकंडाजी ते कार्ड तीनदा वाचायला लावत, फेट्याच्या घडीत ठेवत, आणि मग आठ-दहा दिवस कुणाशी बोलत नसत. नुसते पश्चिमेकडे तोंड करून उभे राहत. जेवताना घास हातात तसाच राही. उत्तर पाठवू का, असं मी विचारलं की मान हलवत, पण हो की नाही हे कळत नसे. त्या दिवसांत पार्बताबाईंच्या हातातल्या भांड्यांचा आवाज होत नसे. त्या पावलांनीसुद्धा आवाज करत नसत, कान उकंडाजींकडे लावून हिंडत. आठ-दहा दिवसांनी ते एका संध्याकाळी कांडी उचलून विहिरीकडे जात आणि घरात पुन्हा भांडी वाजू लागत.

माझं तिसरं वर्ष होतं. कार्ड येऊन चार-पाच दिवस झाले होते आणि पोळा तोंडावर आला होता. पाटलांचा जावई पोळ्याला सासरी आला. आता तो नुसता ओव्हरशियर राहिला नव्हता, त्याच्याकडे पोलादी टेप होती. पहिल्याच जेवणाला त्याने जाहीर केलं, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आपण ढोकांची विहीर मोजणार आणि गावाच्या डोक्यातलं हे समुद्राचं खूळ काढून टाकणार. दोन वाव त्याच्या अजून लक्षात होते, हे कुणालाही दिसत होतं. गावाला काय, पोळ्यानंतर दुसऱ्या दिवशी काही काम नसतं. उकंडाजींना निरोप गेला. ते म्हणाले, मोजू दे.

पोळ्याच्या दिवशी दुपारी, गाव बैल धुण्यात गुंतलेलं असताना, पार्बताबाई माझ्या खोलीच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तीन वर्षांत त्या माझ्याशी तीस वाक्यं बोलल्या असतील. पदराचं टोक बोटाला गुंडाळत त्या म्हणाल्या, "गुरुजी, जावईबापूले सांगा न, मोजू नोका म्हना."

मी म्हटलं, मोजू द्या की. एवढं काय त्यात? कळलं तर कळलं, विहिरीत मासा नसतो ते.

त्या म्हणाल्या, "ते विहिरीचं मीच सांगतलं त्याइले."

मग त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. उकंडाजी परत आले, पण आले ते नुसते अंगाने. बैल जुंपायचे आणि तिफण धरून मावळतीकडे बघत उभे राहायचे. कार्ड आलं की गाठोडं बांधायचे, सोडायचे, पुन्हा बांधायचे. एकदा बडनेऱ्यापर्यंत जाऊन परत आले. पुढच्या खेपेला परत येणार नाहीत, हे बाईंना स्पष्ट दिसत होतं. एक दिवस शेतात भाकरी घेऊन गेल्या असताना त्यांनी विहिरीचं पाणी ओंजळीत घेतलं, चाखलं आणि विचारलं, दर्याचं पाणी असंच असतं का? उकंडाजींनी चाखून पाहिलं आणि म्हणाले, जवळजवळ असंच. मग बाई म्हणाल्या, तर मग खालून मिळाला असेल. त्या संध्याकाळी उकंडाजी पहिल्यांदा कांडी घेऊन विहिरीवर बसले आणि गाठोडं त्यानंतर बांधलं गेलं नाही.

"मी शिकलेली नाही, गुरुजी," त्या म्हणाल्या. "दर्या मी पाह्यला नाही. पन एवढं समजलं का, मानसाले तिकडे जाऊ द्याचं नसन त तिकडचं इकडे आनाव लागते. आता त्या टेपानं तळ दाखवला त कार्ड त्याइच्या फेट्यातच हाये."

मी संध्याकाळी वसंतरावांना भेटलो. विहिरीचं खरं कारण सांगणं शक्य नव्हतं, म्हणून बैलांना कशाला बिथरवता, पावसाने काठ निसरडा झालाय, असली लंगडी कारणं पुढे केली. वसंतराव म्हणाले, "मास्तर, तुम्ही शिकलेले. तुम्हीच अंधश्रद्धेची बाजू घेता?" माझ्याकडे उत्तर होतं, पण ते माझं नव्हतं. पाटलांना गाठलं तर ते म्हणाले, जावई आहे, त्याला सैल सोडा.

दुसऱ्या दिवशी सगळं गाव विहिरीवर लोटलं. काल रंगवलेल्या शिंगांचे बैलसुद्धा आजूबाजूला चरत होते. बायका पिंपळाच्या पलीकडे उभ्या होत्या, त्यांत पार्बताबाई. पदराचं टोक त्यांनी दातांत धरलं होतं आणि त्या विहिरीकडे बघत नव्हत्या, नवऱ्याकडे बघत होत्या. वसंतरावांनी हॅट पाटलांच्या हातात दिली, टेपेला वजन बांधलं आणि सोडलं. टेप सरसर गेली, थांबली. त्यांनी दोनदा उचलून टेकवून पाहिलं आणि मोठ्याने वाचलं, "सहासष्ट फूट. म्हणजे तुमचे अकरा वाव, उकंडाजी. तळ लागला. समुद्र नाही."

कुणी हसलं नाही. खरं म्हणजे हसायलाच आले होते सगळे, पण त्या घटकेला एकाचंही तोंड उघडलं नाही. म्हाताऱ्याची थाप बुडावी असं प्रत्येकाला वाटत होतं आणि ती बुडताना बघवत मात्र नव्हतं.

उकंडाजी उठले. त्यांनी आपला दोर घेतला आणि कांडी सोडली. डोळे मिटले. वैद्य नाडी बघतो तशी दोन बोटं दोरावर ठेवली. उचलली, सोडली. जरा डावीकडे सरकून पुन्हा उचलली, सोडली. पुष्कळ वेळ लावला. मग डोळे उघडले, पिंपळाच्या बाजूला एकवार पाहिलं आणि शांतपणे म्हणाले, "हे तळ नाही, ओव्हरशियरसाहेब. खडक हाये. खडकाच्या बाजूले भेग हाये, मावळतीच्या अंगाले. पानी तिथून आत येऊन राहिलं, मले दोरावर वढ लागते. तुमची टेप सरकारी हाये, ते सरळच जानार. तिले वळन नाही."

गाव असं हसलं की बैलांनी माना वर केल्या. वसंतराव भेग, दाब, भूगर्भ असं काहीतरी बोलू पाहत होते, पण कोण ऐकणार? पाटलांनी हॅट त्यांच्या डोक्यावर ठेवली आणि जावयाला चहाला नेलं. पार्बताबाईंच्या दातांतून पदर सुटला होता. त्या घाईघाईने घराकडे चालू लागल्या, जशी काही चुलीवर भाजी करपत होती.

मी त्यांच्या मागोमाग निघालो आणि अर्ध्या वाटेवर थांबलो. तीस वावांवर कांडी वाळूवर टेकली की गाळात, हे डोळे मिटून सांगणारा माणूस. त्याला अकरा वावांच्या विहिरीत खाली काय आहे हे आज कळलं? इतक्या वर्षांत आज? मला माझ्या अकलेची कीव आली. गणित सोपं होतं आणि मी मास्तर होतो.

तरी विचारायला मला आठवडा लागला. एका संध्याकाळी मी विहिरीवर गेलो आणि गोणपाटाच्या कोपऱ्यावर बसलो. ते कांडी उचलत-सोडत होते. मी म्हटलं, "उकंडाजी, त्या भेगेचं खरं काय?"

हात न थांबवता ते म्हणाले, "कायची भेग? सारा गाळ हाये. बोटभर खडक नाही. पह्यल्याच दिवशी कांडी टेकली तवाच कळलं."

"मग इतकी वर्षं हे कशाला?"

मोकळ्या हाताने फेट्याच्या घडीतून कार्ड काढून त्यांनी माझ्या हातात दिलं. म्हणाले, उद्या उत्तर लिहा. जागा दुसऱ्याला द्या म्हणावं, उकंडा येत नाही. मी विचारलं, इतकी वर्षं लिहिलं नाही, आताच का? तेव्हा त्यांचा दोरावरचा हात पहिल्यांदा थांबला.

"मले वाटे, तिचं भेव कवाचंच गेलं. त्या दिवशी तिचं तोंड पाह्यलं. गेलं नाही, गुरुजी. मी जागा ठेवली म्हनून तिनं भेव ठेवलं."

"दर्याची आठवण येत नाही?"

"येते न. रोज येते." ते विहिरीत बघत राहिले. मग माझ्याशी नव्हे तर खालच्या पाण्याशी बोलावं तसं ते बोलू लागले.

"मी वापस आलो त तिनं येका शब्दानं विचारलं नाही, कुठी गेलते, काहून गेलते. भाकर वाढली. पन निजाले गेली ते दारात. उंबऱ्याले लागून आडवी. मले बाहेर पाय टाका लागला त तिच्या अंगावरून टाका लागे. थंडी पाह्यली नाही, पानी पाह्यलं नाही. दीड वर्स ते दारात निजली, अन् मी आतून पाहे. मंग येक दिवस मले म्हने, विहीर दर्याले मिळाली असन. मले हसू आलं. पन कांडी घेतली अन् येथी येऊन बसलो. घरी गेलो, त तिची गोधडी आत घातलेली होती." मग ते म्हणाले, "तिले सांगू नोका, गुरुजी. तिले वाटते, मले खरं वाटते."

मी सांगणार नाही म्हटलं. दोघांचीही एकच गोष्ट माझ्याकडे आली होती आणि दोघांनाही ती एकमेकांपासून लपवायची होती, तेव्हा माझ्याकडून काही चुकण्याचा प्रश्न नव्हता. कपाशीवर ऊन उतरलं होतं. ते आणखी थोडा वेळ बसले, उचलत-सोडत, अगदी मन लावून, जसा काही खाली खरंच कुपा असावा. मग त्यांनी दोर गोळा केला, कांडी धोतराच्या सोग्याला पुसली आणि गुडघ्यांवर हात टेकून उठले. मी म्हटलं, बसा की अजून, उजेड आहे. ते म्हणाले, नको. उशीर झाला की ती दारात येऊन उभी राहते.